हायगरलोखचे तळघर आणि जड पाणी

जर्मनीच्या नैऋत्येस आयाख नदीच्या वळणावर हायगरलोख हे लहानसे गाव आहे. तेथील किल्ल्याच्या चर्चखालचा कडा कोरून एका खाणावळीच्या मालकासाठी मद्य साठवण्याचे तळघर केलेले होते. बर्लिनवर बॉम्ब पडू लागल्यावर वेर्नर हायझेनबर्ग यांच्या गटाची शेवटची अणुभट्टी याच तळघरात उभी राहिली. १९४५च्या मार्चपर्यंत युरेनियमचे ६६४ ठोकळे साखळ्यांना टांगून सुमारे दीड टन जड पाण्यात सोडले गेले. न्यूट्रॉनांची संख्या वाढली. साखळी अभिक्रिया मात्र स्वबळावर टिकली नाही. एप्रिलमध्ये अमेरिकी पथक पोचले, तेव्हा ठोकळे शेतात पुरलेले सापडले.

या अपयशाची चर्चा आजही हायझेनबर्ग यांच्या मनोव्यापारांभोवती फिरते: त्यांनी मुद्दाम चालढकल केली, की त्यांचे गणित चुकले? नाटकाला हा प्रश्न शोभतो. भौतिकीच्या विद्यार्थ्याने आधी टाकीत डोकवावे. नैसर्गिक युरेनियम वापरायचे तर न्यूट्रॉन फारसे न शोषता त्यांना मंद करणारे द्रव्य लागते. साधे पाणी फार न्यूट्रॉन गिळते. शुद्ध ग्रॅफाइट चालते, आणि शिकागोत १९४२च्या डिसेंबरमध्ये ते चाललेही. पण वाल्टर बोथे यांच्या मापनानंतर जर्मनांनी ग्रॅफाइटचा मार्ग सोडला. उरले जड पाणी, आणि तेही नॉर्वेतील वेमोर्क या एकाच कारखान्यातले. त्यावर घातपात झाला, बॉम्ब पडले, अखेरीस १९४४च्या फेब्रुवारीत माल नेणारी नावच तळ्यात बुडवली गेली. पुढील गणनांनुसार हायगरलोखच्या भट्टीला युरेनियम सुमारे दीडपट हवे होते. कुर्ट डीबनर यांच्या प्रतिस्पर्धी गटाकडे सुमारे ४०० ठोकळे पडून होते. पण ते मिळाले असते तरी जड पाणी अपुरेच पडले असते.

नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी ही जोडी भारतीय वाचकाला परकी नाही. आपल्या बहुसंख्य अणुभट्ट्या तिच्यावरच चालतात. वेमोर्कचा कारखाना जलविद्युत आणि खतनिर्मिती यांच्या आश्रयाने वाढला. १९६२मध्ये सुरू झालेला आपला पहिला जड पाणी प्रकल्पही भाक्रा धरणाच्या विजेवर, नांगलच्या खत कारखान्यालगतच उभारला गेला. रायगडातील थळचा प्रकल्पही खत कारखान्याशीच जोडलेला आहे. विज्ञानाच्या आपल्या लोकप्रिय इतिहासात मात्र भाभा असतात, नांगल क्वचितच असते. २०२०च्या जुलैमध्ये काक्रापारची ७०० मेगावॅटची भट्टी क्रांतिक झाल्याची बातमी देशभर गेली. तिच्यातले जड पाणी आले कोठून, हे किती जणांनी विचारले?