डोंगरची काळी मैना

दिवाळीच्या अंकात करवंदांचे काय काम, असे कुणी विचारील. चकल्या-कडबोळ्यांच्या दिवसांत वैशाखातले रानफळ आठवणे म्हणजे अवेळी राग आळवण्यासारखेच. पण ज्यांच्या फडताळात उन्हाळ्यात घातलेल्या करवंदाच्या लोणच्याची बरणी अजून शिल्लक असेल, त्यांना माझे म्हणणे पटेल. फराळाच्या गोडाने तोंडाला मिठी बसली की त्या बरणीचीच आठवण होते.

करवंदाला बाग लागत नाही, माळी लागत नाही. सह्याद्रीच्या उतारावर, कोकणातल्या कातळावरसुद्धा करवंदीची जाळी मजेत वाढते. उन्हाळ्याच्या तोंडाशी जाईसारखी पांढरी, सुवासिक फुले येतात. हिरवी फळे मग लालसर होतात आणि वैशाखात काळीभोर. वनस्पतिशास्त्रज्ञ करवंदीला कण्हेर आणि देवचाफ्याच्या कुळात बसवतात. चाफ्याची फांदी मोडली की जो पांढरा चीक गळतो, तोच वारसा करवंदीकडेही आला आहे. पोटभर करवंदे खाल्लेल्या मुलांचे ओठ एकमेकांना का चिकटतात, ते यावरून कळेल.

कर्जतच्या वरच्या अंगाला एका ठाकूरवाडीतल्या आजींबरोबर मी करवंदे तोडायला गेलो होतो. उजाडायच्या आत निघालो, कारण उन्हे चढण्यापूर्वी पाटी भरून त्यांना स्टेशन गाठायचे होते. करवंदीचे काटे मोठे धोरणी. हात आत जाताना वाट देतात आणि बाहेर येताना जकात वसूल करतात. मी फळ ओढले की देठाशी चीक यायचा. आजी हसून म्हणाल्या, "दादा, वढू नको. नुसता हात लाव. पिकलं आसंल तर आपनच येतं." तासाभरात त्यांची पाटी निम्मी भरली. माझ्या द्रोणाचा तळही झाकला नव्हता, कारण माझी निम्मी करवंदे 'कोंबडा की कोंबडी' पाहण्यातच संपली होती. (हा खेळ ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: चावल्यावर आतून लाल निघाले तर कोंबडा, पांढरट निघाले तर कोंबडी.)

पिकलेले करवंद उद्याची वाट पाहत नाही. विकणारीला हे ठाऊक असते, आणि घेणाऱ्यालाही. म्हणून तिच्या परतीची वेळ झाली की आपण भाव पाडतो. केकवरची लालभडक चेरी मात्र आपण मुकाट्याने घेतो. ती पुष्कळदा पाकात मुरवून रंगवलेले करवंदच असते!

रानातले फळ गोळा करण्याचा आणि विकण्याचा आदिवासींचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केला, हे चांगलेच झाले. पण सगळ्याच जाळ्या काही सरकारी जंगलात नाहीत. गावाबाहेरच्या ज्या माळावर पूर्वी कुणी कुणाला हटकत नसे, तिथे आता सुट्टीचे बंगले आणि तारेची कुंपणे उभी राहत आहेत. जागा साफ करताना पहिली कुऱ्हाड पडते ती करवंदीवर. पूर्वी करवंदीचे काटे आणून शेताला कुंपण घालीत. आता कुंपणानेच करवंदी खाल्ली, असे म्हणायची पाळी आली आहे. बंगलेवाल्यांना त्यात चार काटे गेल्यासारखे वाटते. पाटी घेऊन निघालेल्या बाईची त्यात दीड-दोन महिन्यांची मिळकत जाते.

वाचकहो, येत्या वैशाखात घाटात गेलात तर करवंदे जरूर तोडा, मुलांनाही तोडू द्या. चार ओरखडे आले तर येऊ द्या. फांदी मात्र मोडू नका. आणि ज्या जाळीशी कुणाची पाटी टेकलेली दिसेल, ती जाळी सोडून पुढच्या जाळीकडे चला.