सातवी मुलगी आणि तिसरा डोळा



सप्टेंबर २०२२ मध्ये झी मराठीवर 'सातव्या मुलीची सातवी मुलगी' सुरू झाली आणि आमच्या शीळफाट्याच्या सोसायटीत बायकांना दुसरा विषयच उरला नाही. नेत्राला पुढे घडणारं आधीच दिसतं. तितीक्षा तावडेचं काम सगळ्यांना आवडायचं, ऐश्वर्या नारकरांच्या रूपालीला बघून धडकी भरायची. कुणी म्हणायचं, "ही अंधश्रद्धा, मुलांसमोर लावूच नका." कुणी म्हणायचं, "करमणूक आहे, सोडून द्या."

पण मालिकेच्या नावाकडे कुणीच नीट बघितलं नाही. सातवी मुलगी! ती दैवी शक्ती घेऊन येते, म्हणून आपण तिचं कौतुक करतो. खऱ्या घरात दुसरी मुलगी झाली, तरी "असू दे, पुढच्या वेळी मुलगा होईल" असं बाळंतिणीला सांगणाऱ्या बायकाच असतात. मग मुलीचं स्वागत व्हायला तिला तिसरा डोळा हवा का?

आदिनाथ भगवानांना भरत-बाहुबलीसारखे पराक्रमी मुलगे होते. तरी ब्राह्मीला त्यांनी लिपी शिकवली, सुंदरीला अंक शिकवले. दोघींना ज्ञान मिळालं ते वडिलांनी जवळ बसवून शिकवल्यामुळे.

अशा मालिका खुशाल बघा. फक्त मुलगी झाली तरी पेढेच वाटा. आणि जाहिराती लागल्या की लेकीची वही उघडून बघा. तिला पुढचं दिसावं, तर आधी तिला शिकू द्यायला हवं.