पळणारा एक, वाट करणारे पाच

डल्लासजवळच्या प्लेनो गावी माझी मुलगी आणि जावई राहतात. 2025 सालच्या हिवाळ्याच्या तोंडाशी मी त्यांच्याकडे होतो आणि रविवारची दुपार अमेरिकन फुटबॉल पाहण्यात जात असे. या खेळाला फुटबॉल का म्हणायचे, हे मला अजून उमगलेले नाही. चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न. चेंडू लांब फेका, नाहीतर पोटाशी धरून पळत सुटा.

तेव्हा चर्चा होती फिलाडेल्फियाच्या सेक्वॉन बार्कलीची. 2024च्या मोसमात हा गडी सोळा सामन्यांत 2,005 यार्ड पळाला आणि संघाने अजिंक्यपद पटकावले. पुढच्या मोसमात तोच गडी रखडू लागला. मोसमाअखेर बाराशेचा आकडाही त्याला गाठता आला नाही. 'थकला', 'पैसा डोक्यात गेला', असे ज्याला जे सुचेल ते तो म्हणत होता. जावई डल्लासचा कट्टर पाठीराखा, म्हणजे फिलाडेल्फियाचा हाडवैरी. तो खूश असेल असे मला वाटले. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही चेंडूकडे बघता. त्याच्या पुढच्या पाच जणांकडे बघा."

हे पाच म्हणजे सव्वाशे-दीडशे किलोंचे पहाड. चेंडूला त्यांचा हात क्वचितच लागतो, यार्ड त्यांच्या नावावर चढत नाहीत. समोरच्याला ढकलून फट पाडायची, एवढेच त्यांचे काम. मग जावयाने मला दहा वर्षांपूर्वीचा एक हिशेब दाखवला. आकडे पाहिले की माझ्यातला बँकवाला जागा होतो.

2014 साली डल्लासचा डीमार्को मरे 392 वेळा पळाला आणि त्याने 1,845 यार्ड कमावले. त्या वर्षी लीगमध्ये त्याच्या पुढे कोणी नव्हता. लगेच फिलाडेल्फियाने त्याला पाच वर्षांसाठी चार कोटी डॉलरचा करार देऊन नेले. 2015च्या पहिल्या दोन सामन्यांत मिळून तो एकवीस वेळा पळाला आणि त्याच्या पदरी पडले अकरा यार्ड! त्यातला दुसरा सामना जुन्या डल्लासविरुद्धच होता. तेरा धावांत दोन यार्ड. मोसमाअखेर 702. त्याला आणण्याच्या सुमारास संघाने आपले दोन्ही अनुभवी गार्ड, म्हणजे फळीतल्या मधल्याच्या डाव्या-उजव्या बाजूचे गडी, सोडून दिले होते. शिवाय डल्लासमध्ये तो मागून वेग घेत सरळ यायचा. इथे चेंडू फेकणाऱ्याच्या शेजारी उभा राहून त्याला आडवे निघावे लागे.

आता डल्लासची खातेवही पाहू. मरे गेला, पण पाचांपैकी चौघे तेच राहिले. 2014मध्ये संघ 508 वेळा पळून 2,354 यार्ड गेला. 2015मध्ये 408 वेळा पळून 1,890. वरवर पाहता मोठी घसरण. भागाकार करा. दोन्ही वर्षी दर धावेला 4.6 यार्ड! पळण्याचा दर तसूभर घटला नव्हता, धावा शंभराने कमी झाल्या होत्या. कारण चेंडू फेकणारा टोनी रोमो त्याच फिलाडेल्फियाच्या सामन्यात गळपट्टीचे हाड मोडून बसला. संघ हरू लागला, आणि पिछाडीवरच्या संघाला पळायला सवड नसते. घड्याळ चालू राहते म्हणून तो चेंडू फेकत सुटतो. बारा विजयांवरून डल्लास चारवर आला.

392 वेळा अंगावर घाव झेलून मरे दमलाच नसेल, असे मी म्हणणार नाही. पण 2016मध्ये टेनेसीकडून तो पुन्हा 1,287 यार्ड पळाला. पायांत दम होता.

हे सारे ऐकताना मला 1994 साल आठवत होते. मी एका बँकेच्या विभागीय कार्यालयात होतो. तालुक्याच्या शाखेचे एक मॅनेजर ठेवींत पहिले आले. त्यांना ढाल मिळाली आणि शहरातल्या मोठ्या शाखेवर बदली झाली. वर्षभरात तिथल्या ठेवी घसरल्या. त्यांचा गोपनीय अहवाल मी लिहिला : 'नेतृत्वात शैथिल्य'. बढती हुकली. तालुक्यात त्यांच्याकडे एक हेडकॅशियर होता, ज्याच्या शब्दावर अर्धी पेठ पैसे ठेवी. शहरात कारकुनांच्या तीन जागा रिकाम्या होत्या आणि रस्त्यापलीकडे नवी सहकारी बँक उघडली होती. हे मला माहीत होते. अहवालाच्या छापील नमुन्यात त्यासाठी रकाना नव्हता.

बार्कलीचा हिशेबही तसाच मांडायला हवा. अजिंक्यपदानंतर डावांची आखणी करणारा केलन मूर न्यू ऑर्लिन्सचा मुख्य प्रशिक्षक झाला. फळीतला मेखाय बेक्टन दुसऱ्या संघात गेला. उजव्या टोकाचा खंदा लेन जॉन्सन नोव्हेंबरमध्ये जायबंदी झाला. समोरचे संघही आदल्या वर्षीच्या त्या 2,005 यार्डांचा अभ्यास करून आले असणारच. बार्कलीच्या वयाचा वाटा यात असेलही, पण तो शेवटी मोजावा.

ते मॅनेजर त्याच पदावरून निवृत्त झाले. निरोपसमारंभाला मी होतो. त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि घरी या म्हणाले. अहवाल कोणी लिहिला, हे त्यांनी कधी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.