शत्रूविना पडणारी हेलिकॉप्टरे

अरुणाचल प्रदेशात तवांगजवळ ५ ऑक्टोबर २०२२ रोजी लष्कराचे ‘चीता’ हेलिकॉप्टर कोसळले व दोघा वैमानिकांपैकी एक मृत्युमुखी पडला. त्याच महिन्याच्या २१ तारखेस अपर सियांग जिल्ह्यात मिगिंगनजीक ‘रुद्र’ पडले. त्यात पाच जण गेले. पुढे १६ मार्च २०२३ रोजी बोमडिला परिसरातील मंडला येथे आणखी एका ‘चीता’च्या अपघातात दोन अधिकारी प्राणांस मुकले. सहा महिन्यांच्या आत तीन हेलिकॉप्टरे व आठ माणसे गेली. यांपैकी एकासही चिनी गोळी लागली नव्हती. कारगिलमध्ये मे १९९९ मध्ये क्षेपणास्त्राने पाडलेले हवाई दलाचे ‘एमआय-१७’ देशाच्या स्मरणात आहे. अपघाती मृत्यूंच्या वाट्याला मात्र चौकशीची फाईल येते.

‘चीता’ हे मूळ फ्रेंच ‘लामा’. त्याने १९७२ मध्ये १२,४४२ मीटर उंची गाठून विक्रम केला होता. विरळ हवेत तरंगण्याच्या या गुणामुळेच सियाचीनच्या चौक्या त्याच्यावर विसंबून राहिल्या. परंतु त्याला इंजिन एकच. स्वयंचलित चालकयंत्रणा नाही, हवामान दर्शविणारे रडार नाही. ढगांनी क्षणात बुजणाऱ्या दऱ्यांत सारी भिस्त वैमानिकाच्या डोळ्यांवर. जे यंत्र १९७० च्या दशकात अभिमानास्पद होते, तेच नातवंडांच्या पिढीनेही चालवावे, ही काटकसर नव्हे.

या यंत्राचे वय कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, २०१५ मध्ये, लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नींनीच त्यांच्यापुढे हे गाऱ्हाणे नेले होते. तोवर १९७ हलक्या हेलिकॉप्टरांची खरेदी २००७ मध्ये एकदा व २०१४ मध्ये पुन्हा रद्द झालेली होती. प्रत्येक वेळी चाचण्या झाल्या, वर्षे गेली आणि अखेर व्यवहारावर संशयाची छाया पडताच सर्व काही मोडीत निघाले. भ्रष्टाचाराची धास्ती रास्तच. पण निर्णय न घेणाऱ्यास कोणी जाब विचारीत नाही, ही दिल्लीच्या कारभारातील सोयीची गोष्ट आहे. त्यानंतर २०१५ मध्ये रशियाशी ‘कामोव्ह-२२६’बाबत समझोता झाला, तोही खरेदीच्या करारापर्यंत पोहोचला नाही. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे स्वदेशी हलके हेलिकॉप्टर २०१६ मध्ये प्रथम उडाले. पहिल्या बारांच्या खरेदीस मान्यता मिळण्यास २०२१ उजाडले.

केवळ नवे यंत्र आणले म्हणजे भागले, असेही नाही. मिगिंगचे ‘रुद्र’ जुने नव्हते, दोन इंजिनांचे व याच देशात बांधलेले होते. तरी पडण्यापूर्वी वैमानिकाने संकटसंदेश धाडला होता आणि यांत्रिक बिघाडाचा संशय त्यावरूनच व्यक्त झाला. म्हणून दुर्घटनांच्या चौकशीचे निष्कर्ष, निदान त्यांतील गोपनीय नसलेला भाग, संसदेपुढे ठेवला पाहिजे. बनविणारी कंपनी सरकारची, वापरणारे सैन्य सरकारचे आणि चौकशीही सैन्याचीच, अशी ही रचना आहे.

तवांग विभागातच यांगत्से येथे ९ डिसेंबर २०२२ रोजी दोन्ही सैन्यांत झटापट झाली. अशा दुर्गम भागात जखमी जवानाला खाली आणावयाचे तर हेलिकॉप्टरच लागते. त्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने दोनशे हलक्या हेलिकॉप्टरांसाठी कंपन्यांकडून पुन्हा माहिती मागविली. निविदा, चाचण्या, वाटाघाटी व करार या पायऱ्या त्यानंतरच्या.