रेट एकच, माल वेगळा

गावाकडे इंटरनेट महाग पडतं असं म्हटलं की पुण्यातले माझे सहकारी लगेच ॲप उघडून दाखवतात. बघ, रिचार्जचा रेट कोथरूडला जो, तोच केजला. बरोबर आहे. पण स्वस्तातला माल केजच्या वस्तीवर विकायलाच ठेवलेला नाही, त्याचं काय?

जिओफायबरचा ३० एमबीपीएसचा ३९९ रुपयांचा प्लॅन घ्या. जीएसटी धरून ४७१ रुपये, मर्यादा ३,३०० जीबी. एवढं कोणी वापरत नाही. ३०० जीबी वापरले तरी जीबीमागे साधारण दीड रुपया. आता मोबाइल. ३ जुलै २०२४ पासून जिओचा २३९चा रिचार्ज २९९ झाला. रोज दीड जीबी, २८ दिवस, एकूण ४२ जीबी. जीबीमागे सात रुपये. (महिना २८ दिवसांचा, म्हणून वर्षात रिचार्ज तेरा. ३० दिवसांचाही एक प्लॅन ठेवा, हे ट्रायला २०२२मध्ये सांगावं लागलं!) मोबाइल रिचार्ज शहरातलेही करतात. पण त्यांचा तो घराबाहेर लागतो, घरात वायफाय असतं. गावात त्याच दीड जीबीत पोरांचं लेक्चर, ई-पीक पाहणी, पीक विमा, इंजिनिअरिंगचा कॅप राउंड, सगळं बसवायचं.

कंपन्या म्हणतात, वस्ती विरळ आहे, वायर टाकणं परवडत नाही. मान्य. म्हणूनच २००२पासून दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातून ५ टक्के ग्रामीण सेवेसाठी वेगळे काढले जातात. आधी त्याला यूएसओ फंड म्हणत, आता डिजिटल भारत निधी. हा पैसा बालाघाटातल्या म्हाताऱ्याच्या रिचार्जमधूनही जातो. म्हणजे वायरीचे पैसे तो भरतोच आहे.

त्यातून आलं भारतनेट. २०११ला मंजुरी, २०१५ला नवं नाव. मूळ आराखडा ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याचा. पण ग्रामपंचायत म्हणजे घर नव्हे. बीडमध्ये एका ग्रामपंचायतीत वाड्या, वस्त्या, तांडे असतात, मध्ये डोंगर आणि ओढे. २०२३मध्ये आणखी १.३९ लाख कोटी रुपये मंजूर झाले. मोजमाप मात्र अजून मुख्यतः किती किलोमीटर केबल, किती ग्रामपंचायती जोडल्या, याचं.

आणि वायर आली तरी कनेक्शन कोणाच्या सोयीचं? दिवाळीच्या आसपास निम्मं गाव कोयता घेऊन कारखान्यावर जातं. सहा महिने घराला कुलूप, नाहीतर मागे आजी आणि लेकरं. बिल बारा महिन्यांचं. कुलूप असताना बिल थांबवणं म्हणजे डेटाबेसमध्ये एक कॉलम वाढवणं. हे काम मी पगारावर रोज करतो, त्यामुळे 'टेक्निकली शक्य नाही' हे मला तरी सांगू नका.

नवी योजना नको. तालुकावार दोन आकडे जाहीर करा : किती घरांत वायरचं इंटरनेट खरंच चालू आहे, आणि महिन्यातले किती तास. दूरसंचार विभागाने २०२३मध्ये ब्रॉडबँडची किमान गती २ एमबीपीएस ठरवली. ती वस्तीवर, संध्याकाळी सातला मोजा. टॉवर बंद असलेला दिवस रिचार्जमध्ये धरू नका.

तोवर अण्णा ओटीपीसाठी माळवदावर चढतात. जिना नाही, शिडी आहे. खाली येईपर्यंत ओटीपीची मुदत संपते, मग पुन्हा वर.