घोडा कुणाच्या पागेतला?

युद्ध दिसतं कसं? १८८८ साली फ्रान्सच्या एदुआर देतायनं चितारलं : शिपाई माळावर झोपलेत आणि वर ढगांतून झेंडे मिरवत विजयी फौज चाललीय. चित्राचं नाव 'स्वप्न'. १८७०-७१ ला प्रशियाकडून मार खाल्लेल्या देशाला ते गोड वाटलं. खाली झोपलेल्यांतले उद्या किती उठणार, ते चित्रात नाही.

१८९४ साली दोघांनी हे झेंडे उतरवले. म्युनिकचा प्रतीकवादी चित्रकार फ्रान्झ फॉन श्टुक. त्याच्या 'युद्धा'त काळ्या घोड्यावर नागडा तरुण, खांद्यावर रक्ताळलेली तलवार, टापांखाली नागडी प्रेतं. दुसरा पॅरिसचा आंरी रूसो. त्याच्या 'युद्धा'त फाटक्या पांढऱ्या झग्यातली पोर, एका हातात तलवार, दुसऱ्यात धुमसती मशाल. खाली मढ्यांचा खच, त्यावर कावळे. श्टुक अकादमीत शिकलेला. रूसो जकात नाक्यावरचा कारकून, स्वतःच ब्रश धरायला शिकलेला. शहाण्यासुरत्यांनी त्याला हसून घेतलं. पण प्रतीकवादी लेखक जारी आणि गुर्मों यांनी १८९५ साली आपल्या नियतकालिकात रूसोच्या 'युद्धा'चं शिळाछाप चित्र छापलं.

आम्ही या दोघांना मानतो. नागड्या मढ्यावरून कोण जिंकलं, कोण हरलं कळत नाही. कावळा राष्ट्र विचारून चोच मारत नाही.

पण दोस्तहो, इथंच थांबलो तर फसलो. युद्ध म्हणजे देवी, युद्ध म्हणजे भूत, साथीसारखं येतं आणि जातं, असं एकदा ठरलं की हुकूम देणारा सुटला, तोफा विकणारा सुटला. १८९६ च्या आर्नोल्ड ब्योकलिनच्या 'युद्धा'तही जळत्या शहरावरून घोडेस्वार उधळतात. त्यांनाही मालक नाही. 'तुमचं दैवच तसं' असं सांगून ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवलं, त्यांना हा कावा शिकवावा लागत नाही. करायचं माणसानं, नाव देवाचं.

१९१४ ला महायुद्ध आलं ते मशालवाली पोर घेऊन नाही. सहीशिक्क्याच्या हुकमानं आलं, आगगाडीच्या वेळापत्रकानं आलं. १९१५ ला ईप्रच्या खंदकांवर सोडलेला विषारी वायू आभाळातून पडला नव्हता, कारखान्यात तयार झाला होता.

म्हणून ही चित्रं जरूर बघा. पण स्वाराच्या उंचीवरून नको, मढ्यांच्या बाजूनं बघा. आणि मान वर करून सवाल टाका : हा घोडा कुणाच्या पागेतला? याला चंदी कोण घालतं?