मैदान आधीच असतं

क्रीडासंकुलाचा विषय निघाला की एक मत हमखास ठासून मांडलं जातं: जुनं पाडा, दर्शनी भागाला काच लावा, आंतरराष्ट्रीय दर्जाचं बांधा. हे मत मला मान्य नाही. मोठ्या स्पर्धांसाठी तसं बांधकाम लागतंच. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्यात बालेवाडीचं संकुल उभं राहिलं, ती गरज खरी होती. पण वस्तीतल्या केंद्राला तोच नकाशा कशाला? तिथे येणारे बहुतेक जण पदकासाठी येत नाहीत.

ब्राझीलमध्ये साओ पाउलोचं सेस्क पोंपेया हे लोकांसाठीचं केंद्र बघा. मूळची ही पिंपांच्या कारखान्याची जागा. वास्तुविशारद लीना बो बार्दी १९७६च्या सुमारास एका शनिवारी तिथे गेल्या, तर फुटक्या छपरातून पाऊस गळत होता आणि त्याखाली पोरं फुटबॉल खेळत होती. आईबाप, म्हातारी माणसंही जमलेली. लीनाबाईंनी कारखाना राखला. विटांच्या त्याच भिंतींत ग्रंथालय, कार्यशाळा, नाट्यगृह बसवलं.

‘जागा अडचणीची आहे,’ ही आपल्याकडची नेहमीची सबब. तिथे तर जमिनीखालून ओढा जात होता, त्यावर बांधकामाला मनाई. लीनाबाईंनी दोन्ही बाजूंना काँक्रीटचे मनोरे उभे केले. एकात पोहण्याचा तलाव आणि कोर्टं, दुसऱ्यात कपडे बदलायच्या खोल्या. खेळणारा उघड्या पुलावरून इकडून तिकडे जातो. ओढ्यावर लाकडी फळ्यांची वाट केली; लोक तिथे उन्हात पहुडतात. कोर्टांच्या खिडक्या म्हणजे भिंतीतली वेडीवाकडी भगदाडं, काच नाही, लाल लाकडी जाळ्या. आणि छताची उंची स्पर्धेच्या नियमांपेक्षा जाणूनबुजून कमी, कारण खेळ करमणुकीसाठी होता.

‘बंद एसी हॉलशिवाय खेळ होत नाही,’ म्हणणाऱ्यांचं एक बरोबर आहे: बॅडमिंटनच्या शटलला वारा चालत नाही. तेवढा हॉल बंद ठेवा. पण कबड्डी, खो-खो, मल्लखांबाला चारी बाजूंनी बंद खोली का? वीजबिल थकलं की अशा हॉलला पहिलं कुलूप लागतं.

राहिला ‘मुली येतच नाहीत’ हा आक्षेप. त्यांचं स्वच्छतागृह इमारतीच्या मागे, अंधाऱ्या बोळाच्या टोकाला ठेवल्यावर कशा येतील? ते प्रवेशद्वाराजवळ, उजेडात आणा. शेजारी आयांना बसायला कट्टा द्या. काचेच्या दर्शनी भिंतीचे पैसे आधी इथे खर्च झाले पाहिजेत.